एली नासारियोची नजर

"माझं तोंड इथे आहे रे बाबा! इथे!"

इवेलिसने दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे रोखली आणि नाटकाच्या तालमीच्या खोलीत हशा पिकला. एली नासारियो ओशाळला. सहा फूट नऊ इंचांचा माणूस ओशाळला की त्याची पंचाईत होते, लपायला पुरेशी जागाच सापडत नाही. त्याने मान खाली घातली, आणि मान खाली घातल्यावर नजर परत तिथेच गेली. इवेलिसच्या कंबरेवर.

नाटक बसवणाऱ्या दोन्या आविल्दा खिडकीजवळच्या स्टुलावर हातपंख्याने वारा घेत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, मूठभर देहाची बाई, पण राजधानीतल्या सांतुर्सेतली अर्धी नटमंडळी तिला बघून सिगरेट विझवायची.

"एली, नाटकात ती कोण आहे तुझी?"

"बायको, दोन्या आविल्दा."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"वीस."

"वीस वर्षं संसार केलेली बायको समोर उभी आहे, आणि तू तिच्या पोटाकडे बघतोस. का रे? दिवस गेलेत का तिला?"

पुन्हा हशा. यावेळी एलीसुद्धा हसला. हसणं त्याला सोपं जायचं. लोक हसले की आपणही हसायचं, म्हणजे ते आपल्यालाच हसताहेत हे तितकंसं कळत नाही.

"सवय आहे," तो म्हणाला.

सवय खरीच होती, आणि ती त्याच्या एकट्याची नव्हती. साबाना ओंदा गावातल्या झाडून सगळ्या पोरांना ती डॉन चागोने लावली होती. डॉन चागो गावचा बास्केटबॉलचा गुरू. पोरं अकरा-बारा वर्षांची झाली की तो त्यांच्या टोप्यांची झापड पार नाकापर्यंत ओढायचा आणि मग त्यांना खेळायला लावायचा. झापडीखालून समोरच्याचं फक्त छातीखालचं अंग दिसायचं. "तोंड थापा मारतं," तो ओरडायचा. "डोळे त्याहून लबाड. खांदे म्हणजे तर निवडणुकीतले उमेदवार, सांगतील एक आणि करतील दुसरं. कंबर बघा, गाढवांनो! कंबर जाईल तिकडेच माणूस जाईल!" त्यामुळे डॉन चागोची पोरं गावात कुठेही ओळखू यायची. बेकरीच्या रांगेत शुभ सकाळ म्हणतानासुद्धा ती तुमच्या पट्ट्याच्या बक्कलकडे बघायची.

पण याच नजरेवर एलीने गावच्या व्यावसायिक संघात चौदा मोसम काढले. चेंडू टाकणारे दुसरे होते, पोस्टरवर झळकणारेही दुसरेच. समोरच्या संघाचा वाघ कोंडायचा असला की मात्र अख्खं कोलिसेओ स्टेडियम पायांनी फळ्या बडवायचं: "ए-ली! ए-ली!" वाघ डावीकडे डोळे वळवी, उजवीकडे खांदा टाकी, आणि एली शांतपणे त्याच्या कंबरेकडे बघत नेमका तो जाणार तिथे जाऊन उभा राही. भिंतीसारखा.

पुढे गुडघा गेला. दोनदा चिरला, दोनदा शिवला, आणि तिसऱ्या वेळी संघाने त्याला फुलांचा हार घालून घरी पाठवलं.

घरी काय करायचं हे चौदा वर्षांत त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एका फर्निचरवाल्याने जाहिरातीत घेतलं. शिडी न लावता माळ्यावरून खुर्ची काढणारा माणूस. ती जाहिरात बघून टीव्हीवाल्यांनी गुरुवारच्या विनोदी कार्यक्रमात बोलावलं, आणि तिथे त्याला झालर लावलेली टोपी घालून, लंगोट बांधून, पाळण्यात बसवलं. चिकितीन! म्हणजे चिमुकला. सहा फूट नऊ इंचांचं तान्हं बाळ. ते दूध मागायचं, आईच्या मांडीवर बसायचं, आणि आई खुर्चीसकट जमिनीवर आडवी व्हायची. पोर्तो रिको पोट धरधरून हसलं. फ्री थ्रो हुकल्यावर ज्यांनी त्याच्या आईचा उद्धार केला होता, तेच आता पेट्रोल पंपावर गाडीची काच ठोकून विचारू लागले, "चिकितीन, शू झाली का?"

त्याची मुलगी यारिमार बारा वर्षांची. पूर्वी शाळेच्या फाटकात बापाला बघितलं की लांबूनच ओरडायची, "पापी, आशीर्वाद!" आणि तो म्हणायचा, "देव तुझं भलं करो." पापी म्हणजे पप्पा; तिथली सगळी मुलं आईबापांना भेटली की असाच आशीर्वाद मागतात. चिकितीन सुरू झाल्यापासून ती गाडीत बसून दार लावून घेई, आणि मग पुटपुटे. पुढे पुढे तेही राहून जायला लागलं.

आणि सोराइदा. त्याची बायको, औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी. लग्नाच्या नव्या नवलाईत ती मैत्रिणींना सांगायची, "याला विचारा माझ्या डोळ्यांचा रंग कुठला. नाही सांगता येणार. पट्ट्याचा विचारा, लगेच सांगेल!" तेव्हा ती विनोद म्हणून सांगायची. पंधरा वर्षांत तो विनोद शिळा झाला, मग आंबला.

सोराइदाचा भाऊ एफ्राइन समुद्रापलीकडे, अमेरिकेत ऑर्लँडोला होता. तिथल्या गोदामात त्याने एलीसाठी काम बघून ठेवलं होतं, यारिमारसाठी शाळा, सोराइदासाठी कुठलंसं औषधाचं दुकान. तिने तीनदा विचारलं. पहिल्यांदा एली म्हणाला, "जाऊ की, गुडघा बरा होऊ दे." दुसऱ्यांदा म्हणाला, "जाऊ की, टीव्हीचा मोसम संपू दे." तिसऱ्यांदा मध्ये नाटक आलं.

दोन्या आविल्दांनी त्याला स्टुडिओतच हेरला होता. त्या कसल्याशा मुलाखतीला आल्या होत्या. बोळातल्या बाकावर लंगोट नेसून, झालरीची टोपी मांडीवर ठेवून, एक महाकाय माणूस कागदी पेल्यातली कॉफी पीत बसला होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि आपल्याकडे लक्ष नाही म्हणून त्याने तोंडावर हसू धरलंही नव्हतं. त्या बाईने पाच मिनिटं उभं राहून ते तोंड बघितलं आणि म्हणाली, "माझ्या नाटकात बाप होशील का? यात कुणी हसणार नाही. हसलं तर मी तुला हाकलीन."

नाटक असं: डोंगरातल्या कॉफीच्या मळ्यावर राबणारा लिनो, त्याची बायको पेत्रा, आणि न्यूयॉर्कला गेलेला त्यांचा एकुलता एक मुलगा. मुलगा तिकडे मरतो. गावचा सोयरा येऊन बातमी फक्त लिनोच्या कानावर घालतो. पेत्राचं काळीज आधीच दुबळं. शेवटच्या प्रवेशात लिनोने तिच्या डोळ्यांत डोळे घालून एकच वाक्य म्हणायचं: "पोरगा बरा आहे, पेत्रा." एवढंच. नाटकाचा सगळा डोलारा त्या नजरेवर उभा.

आणि एलीची नजर कंबरेवर.

"शुक्रवारपर्यंत डोळे वर आले नाहीत," दोन्या आविल्दांनी पंखा मिटला, "तर लिनो दुसऱ्याला. तुला मी दारातला पोलीस करीन. पोलीस उंच असला तर बरंच दिसतं. घरी बायको आहे ना? तिच्यावर सराव कर."

"कुठे बघू मग? डाव्या डोळ्यात की उजव्या?"

"अरे देवा! पंधरा वर्षं संसार करून हे मला विचारतोस?"

*

सोराइदा केळ्याचे काप तळत होती. जून जवळ आला होता. ऑर्लँडोची तिकिटं काढून झाली होती, तीन. काम सोडतेय असं दुकानातही तिने सांगून टाकलं होतं. एली येऊन ओट्याला टेकला आणि बघायला लागला.

सुरुवातीला तिच्या लक्षात आलं नाही. मग आलं.

"काय रे? तोंडाला पीठ लागलंय का?"

"नाही."

"मग?"

"बघतोय."

"काय बघतोस?"

"तुला."

तिने झारा खाली ठेवला. तिचे डोळे तपकिरी होते, आणि डाव्या डोळ्याच्या बुबुळात एक हिरवट ठिपका होता. तो ठिपका पंधरा वर्षं तिथेच असणार. समोरचे डोळे मोठे झाले, मऊ झाले, जरासे भरून आले. मैदानात एखादा खेळाडू गडबडला की एलीला आधी कळायचं, तसं त्याला कळलं की ही आता गडबडली आहे. पुढे काय करायचं ते मात्र कळलं नाही.

मग तेच डोळे बारीक झाले.

"एली, हे नाटकासाठी आहे का?"

नाही म्हणता आलं असतं.

"दोन्या आविल्दा म्हणाल्या, घरी सराव कर."

"अस्सं." तिने गॅस बारीक केला. हसली, पण हसू ओठांच्या वर गेलं नाही. "म्हणजे मी सरावाचा चेंडू. चालेल. मग माझंही एक वाक्य घे सरावाला. मान खाली घालायची नाही. बघ इकडे. जूनमध्ये आमच्याबरोबर येतोस ना?"

तळणीत काप चुरचुरत होते. एलीने तिच्या डोळ्यांत बघितलं, त्या हिरवट ठिपक्यावर नजर रोवली, आणि म्हणाला, "येतो."

आवाज हलला नाही. पापणी लवली नाही. सोराइदाच्या चेहऱ्यावरून कसलीतरी गाठ सुटत गेली, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि ती पुढे झुकून त्याच्या बरगड्यांना डोकं टेकून उभी राहिली. तिथवरच तिचं डोकं पोचायचं.

"काप करपतील," एली म्हणाला.

"करपू देत."

शुक्रवारी तालमीत शेवटचा प्रवेश आला. इवेलिस समोर उभी राहिली. एलीने नजर उचलली. त्याला इवेलिस दिसलीच नाही. दिसली ती आपल्यावर विश्वास टाकणारी बाई, आणि तो विश्वास खोटा आहे हे ठाऊक असलेला आपण. "पोरगा बरा आहे, पेत्रा." इवेलिस पुढचं वाक्य विसरली. दोन्या आविल्दा बराच वेळ पंखा उघडमीट करत राहिल्या.

"कुठून आणलंस रे हे?" अखेर त्यांनी विचारलं.

"घरून."

"तिला माझा नमस्कार सांग." आणि मग, उठता उठता, सहज बोलल्यासारखं, "हे बघ, सांतुर्सेनंतर पोन्से आहे, मायाग्वेस आहे. नोव्हेंबरपर्यंत गावोगाव फिरायचंय. तू आहेस ना?"

"आहे," एली लगेच म्हणाला.

त्या संध्याकाळी घरी जाताना गाडी चालवत तो मोठ्याने गात होता. साबाना ओंदाच्या फाट्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण दोन ठिकाणी हो म्हणालो आहोत. गाणं तिथेच थांबलं. घरी पोचल्यावर दोन्या आविल्दांचा नमस्कार त्याने सांगितला नाही, आणि दौऱ्याचंही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी टीव्हीवाल्यांना मात्र कळवून टाकलं की चिकितीनला आता दुसरा माणूस बघा.

*

पहिला प्रयोग रविवारी दुपारी चारचा. साबाना ओंदाहून भाड्याची बस आली. संघाचे पिवळे सदरे घातलेले तीसेक लोक नाटकाला बसले, कारण चांगले कपडे म्हणजे त्यांच्या लेखी तेच. एली पहिल्यांदा रंगमंचावर आला तेव्हा मागून कुणीतरी आरोळी दिली, "डिफेन्स!" आणि दुसऱ्याने, "चिकितीन, टोपी कुठंय?" थिएटर खदखदलं. विंगेतून दोन्या आविल्दांचा शिव्या देणारा आवाज प्रेक्षकांपेक्षा मोठा आला. एली थांबला. खांद्यावरचं कॉफीचं पोतं त्याने हळूच खाली ठेवलं, गुडघा दुखत होता म्हणून खरंच हळू, आणि पाठीला हात लावून उभा राहिला. हसू विरत गेलं. नंतर आलं नाही.

सोराइदा आणि यारिमार चौथ्या रांगेत होत्या. प्रेक्षकांकडे बघायचं नसतं हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने बघितलं.

शेवटच्या प्रवेशात तो पेत्रासमोर उभा राहिला आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, पोरगा बरा आहे. पिवळ्या सदऱ्यांतल्या एका म्हाताऱ्याने मोठ्याने नाक शिंकरलं. पडदा पडला, पुन्हा उघडला, आणि माणसं उभी राहिली. यारिमार खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होती, तोंड सगळं ओलं. तिच्या शेजारी सोराइदाही उभी होती. टाळ्या तीही वाजवत होती, पण दोन्ही हात एकमेकांना कुठे आहेत ते विचारत असल्यासारखे.

रंगपटात ती आलीच नाही. बाहेर गाडीपाशी थांबली होती.

"मस्त झालं, पापी! मस्तच!" यारिमार त्याच्या दंडाला लोंबकळली. "माझ्या वर्गातल्या मारिएलीसची आई सगळ्यात जास्त रडली. आणि ते डिफेन्स ओरडले ना, ते तिचे मामा! तिला लाज वाटली, मला नाही!"

ती मागच्या सीटवर बसली आणि कानांत गाणी घातली. गाडी पश्चिमेच्या हमरस्त्याला लागली आणि बायामोन ओलांडायच्या आतच अडकली. रविवारी समुद्रावरून परतणाऱ्या गाड्या, छपरांवर रबरी होड्या, खिडक्यांतून वाळूने माखलेले पाय. पुढे एक पांढरी व्हॅन होती. ती चार हात सरकली की एली चार हात सरके.

"चांगलं काम केलंस," सोराइदा म्हणाली.

"हं."

"खरंच. मी उगीच बोलत नाही."

व्हॅन सरकली. एली सरकला.

"पोरगं मेलंय हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या अंकापासून. अख्ख्या थिएटरला ठाऊक होतं. आणि तू म्हणालास, पेत्रा, तो बरा आहे. आणि मला हायसं वाटलं, एली. मनात आलं, चला, बरा आहे तर."

"नाटक आहे ते, सोरी."

"ते मला कळतं. एवढी खुळी नाही मी." ती समोर बघत होती. "पण तो चेहरा मी आधी बघितलाय. ओट्यापाशी. केळ्याचे काप तळताना."

एलीने तिच्याकडे मान वळवली.

"नको," ती घाईने म्हणाली. "माझ्याकडे नको बघू. पंधरा वर्षं म्हणत होते ना, बघ, बघ? आता नको. आता तू बघितलंस की मी विश्वास ठेवीन. समोर बघ. व्हॅनकडे बघ. आणि सांग. जूनमध्ये येतोस?"

व्हॅनच्या मागच्या काचेवर धूळ होती आणि धुळीत कुणीतरी बोटाने 'मला धुवा' असं लिहिलं होतं. एलीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचा पाय ब्रेकवर होता आणि गुडघ्यातून कळ मांडीपर्यंत चढत होती.

"नाही," तो म्हणाला.

सोराइदाने श्वास सोडला. इतका लांब, की जणू कित्येक महिने कोंडून ठेवलेला.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हापासून."

"मग हो का म्हणालास?"

"तू गप्प बसशील म्हणून."

"शाब्बास."

"काय करू मी तिथे, सोरी? गोदामात खोकी वर ठेवू? उंच आहे म्हणून? सगळीकडे मी उंच आहे म्हणूनच उभा करतात मला. ही बाई पहिली..." तो थांबला. "या नाटकाचा दौरा आहे. नोव्हेंबरपर्यंत. मी हो म्हटलंय."

"कधी?"

"त्याच आठवड्यात."

"कुठल्या?"

"काप तळत होतीस त्या."

ती हसली. खरोखर हसली, तोंडावर हात ठेवून, खांदे हलेपर्यंत, आणि एलीला बाजूला न बघताही कळलं की हसणं मध्येच दुसऱ्या कशाततरी बदललंय. त्याने गिअरवरचा हात उचलला आणि परत गिअरवरच ठेवला.

"आम्ही जाणार, एली," जरा वेळाने ती म्हणाली. आवाज काउंटरवरच्या बाईचा झाला होता, गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगणाऱ्या. "मी आणि पोरगी. मी दुकान सोडलंय, आणि मला तिथे जायचंय. तुझ्यासाठी नव्हतं ते. मला जायचंय."

"हे कधी म्हणाली नाहीस."

"म्हणाले. तू पट्टा बघत होतास."

शेजारच्या रांगेतल्या गाडीतून एका माणसाने काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं. "अरे! चिकितीन ना तू? पोरांनो, बघा बघा, चिकितीन!" मागच्या सीटवरची तीन पोरं हात हलवू लागली. एलीने सवयीने हात वर केला आणि हसला. ती गाडी पुढे सरकली.

"उद्या तुझं तिकीट रद्द करते," सोराइदा म्हणाली.

"कर."

"नोव्हेंबरनंतर बघू. तेव्हा काय ते बोलू. पण फोनवर. तोंड न दाखवता."

"बरं."

"आणि यारिला मी सांगणार नाही. तू सांगायचंस. आजच. आणि तिच्यासमोर नाटक करायचं नाही."

एलीने आरशात बघितलं. यारिमारच्या कानांतल्या वायरी तिच्या मांडीवर पडल्या होत्या. कधी काढल्या होत्या कुणास ठाऊक. ती खिडकीबाहेर बघत होती, ओठ घट्ट मिटून, आणि रडून झालेल्या तिच्या चेहऱ्यावर नव्याने काही आलं होतं की नव्हतं, ते त्याला ओळखता येईना. मागून एक हॉर्न वाजला. मग दुसरा, मग एकदम पाच-सहा.

"यारि..." त्याने सुरुवात केली.

"पापी," ती खिडकीकडेच बघत म्हणाली, "पुढची व्हॅन कधीच गेली."

समोर रस्ता चांगला शंभर हात मोकळा झाला होता. एलीने ब्रेकवरचा पाय उचलला, आणि गाडी पुढे घेत घेतच तो बोलायला लागला.